जखम भरत आली, पण माणूस वाळत चाललाय

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका ताईंनी वहीची चार पानं भरून लिहिलंय. त्यातला कामाचा भाग असा:

"ह्यांचा लग्नाच्या स्वयंपाकाचा धंदा. नोव्हेंबरच्या शेवटी बेसा रोडकडच्या एका लॉनवर भट्टीवरची कढई कलंडली, तेल अंगावर आलं आणि भडका उडाला. छाती, दोन्ही हात आणि डावी मांडी भाजली. डॉक्टरांनी पस्तीस टक्के सांगितलं. पाच आठवडे दवाखान्यात होते, उजव्या मांडीची कातडी काढून हातांना लावली. आता जखमा भरत आल्या, पण माणूस वाळून राहिला. ६६ किलोचे होते, ५३ वर आले. रात्री छाती धडधडते, घामानं बनियन ओली होते. थर्मामीटर रोज ९९.५ नाही तर १०० दाखवतो. साखर कधीच नव्हती, आता दोनशेच्या वर निघाली. पोट चार-चार दिवस साफ होत नाही, आणि परवा झालं ते काळं. लोहाची गोळी चालू आहे. दुखलं की मेडिकल स्टोअरमधून गोळी आणून देते. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता शिरली, म्हणून पंखा चालू ठेवतो. अंडं, मटण, दूध, आंबट दिलं तर पू होईल. म्हणून मुगाचं पाणी आणि पातळ वरण-भात चालू आहे. धडधडीची एक गोळी दिली होती. शेजारचे म्हणाले ही तर बीपीची, ह्यांना बीपी नाही, म्हणून मागच्या आठवड्यात बंद केली. दवाखान्यात पहिल्याच रात्री नाकात नळी घालून दुधासारखं काहीतरी सोडलं होतं, तेव्हा आम्ही भांडलो होतो. जावेचा भाऊ जिममध्ये जातो, तो ग्लुटामिनचा डबा आणा म्हणून राहिला. जखम भरून राहिली तर माणूस काहून खंगून राहिला? आणि एप्रिल-मेच्या लग्नांच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही?"

ताई, यातल्या दोन गोष्टींसाठी उद्याची वाट पाहू नका.

पहिली, ते काळं शौच. लोहाच्या गोळीनं शौच काळपट होतं हे खरं, पण ते घट्ट आणि बांधीव असतं. डांबरासारखं काळं, चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारं आणि भयंकर घाण वास येणारं असेल, तर पोटात वरच्या भागात कुठेतरी रक्त गेलंय असं समजायचं. भाजलेल्या माणसाच्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण पडतो, हे लंडनच्या थॉमस ब्लिझार्ड कर्लिंग नावाच्या सर्जननं १८४२ साली लिहून ठेवलं. त्या व्रणाला आजही त्याचंच नाव आहे. पण तो बहुतेक सुरुवातीच्या दिवसांत होतो. दोन महिन्यांनंतर माझा पहिला संशय मेडिकल स्टोअरच्या गोळीवर जातो. ती डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन जातीची असणार, आणि मुगाच्या पाण्यावर असलेल्या रिकाम्या पोटात ती जठराचं अस्तर सोलते. ती आजपासून बंद. आजच्या आज दवाखान्यात दाखवा, हिमोग्लोबिन करून घ्या. चक्कर आली, रक्ताची उलटी झाली किंवा हातपाय गार पडले तर रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांपैकी एकाची इमर्जन्सी गाठा.

दुसरी, धडधडीची गोळी. पत्रासोबत जोडलेल्या चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल लिहिलेलं आहे. ही बीपीची गोळी आहे हे शेजाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पण तुमच्या ह्यांना ती बीपीसाठी दिलेलीच नव्हती. ती कशासाठी होती ते पुढे सांगते. तोवर एवढंच, की ही गोळी मनानं बंद करायची नसते आणि मनानं पुन्हा सुरूही करायची नसते. अचानक सोडली तर धडधड उलट वाढते. आणि आत खरंच रक्तस्राव चालू असेल, तर नाडीच्या वेगावरून तो कळतो. गोळीनं नाडी मंद केली तर तो लपून राहतो. म्हणून आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी. कधीकाळी दमा होता का, तेही त्यांना सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जखम भरते आहे तर माणूस का खंगतोय?

तव्याचा चटका, गाडीच्या सायलेन्सरचा चटका, यात जे काय व्हायचं ते कातडीतच होतं. पण माणसाचा स्वतःचा पंजा, बोटं धरून, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. तुमच्या ह्यांचे असे पस्तीस पंजे भाजले. मोठ्या माणसात हा आकडा विसाच्या पुढे गेला की दुखणं कातडीपुरतं राहत नाही. मेंदू, अॅड्रिनल ग्रंथी, स्वादुपिंड, यकृत, आतडी, सगळ्यांचं काम बदलतं. आणि हा बदल जखमेबरोबर मिटत नाही. जखम दोन महिन्यांत भरेल, पण हार्मोनचं बिघडलेलं गणित मोठ्या भाजण्यात वर्षभर, कधी दोन वर्षंही रेंगाळतं. तुम्ही जखमेकडे बघून हिशेब करताय, म्हणून तो जुळत नाहीये.

सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत शरीर सगळं आखडून घेतं. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब पडतो. मग पाणी आणि मीठ धरून ठेवणारी हार्मोन्स, व्हॅसोप्रेसिन आणि अल्डोस्टेरॉन, जोरात सुटतात. लघवी कमी होते, तोंड ओळखू येणार नाही इतकं सुजतं. तुम्ही ते बघितलं असेलच. त्यानंतर उलटी बाजू सुरू होते. अॅड्रिनलीन आणि नॉरअॅड्रिनलीन नेहमीच्या कित्येक पट वाढतात आणि वाढलेलेच राहतात. वाघ मागे लागल्यावर जे हार्मोन पाच मिनिटांसाठी हवं, ते इथे महिनोन्‌महिने रक्तात. म्हणून झोपेतही नाडी धावते, घाम फुटतो, आणि नुसतं पडून राहिलेलं शरीर निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त कॅलरी जाळतं. भाजल्यानंतर शरीराच्या या धगीमागे हीच हार्मोन्स आहेत हे अमेरिकेत डग्लस विल्मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं. सोबत कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. त्याचा दिवसाचा चढ-उतार मोडतो, म्हणून झोप उडते, चिडचिड होते. रक्तातली साखर चढवणारं ग्लुकॅगॉन वाढतं. थायरॉईडचं टी-३ आणि पुरुषांतलं टेस्टोस्टेरॉन मात्र खाली जातं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण नवरा-बायकोच्या जवळिकीची इच्छा या काळात मरून जाते, आणि कित्येक बायका त्याचा भलताच अर्थ लावून घेतात. तेही याचाच भाग. हळूहळू परत येतं.

या सगळ्या हार्मोन्सची मागणी एकच असते, साखर आणि प्रथिनं द्या, आत्ता द्या. बाहेरून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःच्या स्नायूंना हात घालतं. चुलीला लाकूड नाही म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसं. आधी मांड्या आणि दंड, मग बरगड्यांमधले श्वासाचे स्नायू. १९३० च्या दशकात ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी पायाचं हाड मोडलेल्या माणसांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला, म्हणजे प्रथिनं मोडल्याची खूण. तो एवढा निघाला की एका मोडलेल्या जागेतून येणं शक्यच नव्हतं. सगळ्या अंगाचे स्नायू विरघळत होते. भाजण्यात हेच होतं, पण फार मोठ्या प्रमाणावर. तुमच्या ह्यांचे तेरा किलो गेले ते असे. त्यात थोडी चरबी आहे, पण बरेचसे स्नायू आहेत. म्हणूनच खुर्चीतून उठताना ते हाताचा आधार शोधत असतील.

आता ती गोळी. प्रोप्रॅनोलॉल अॅड्रिनलीनला पेशींच्या दारावरच अडवते. अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनमध्ये डेव्हिड हर्नडन यांच्या चमूनं ४० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या मुलांना ती दिली. नाडी सुमारे वीस टक्क्यांनी खाली आणली, तर स्नायूंची झीज थांबली, उलट भर पडू लागली. हे २००१ मध्ये छापून आलं आणि जगभरच्या अनेक बर्न युनिटांनी ते उचललं. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलं. त्यांनी ते तुम्हाला दोन वाक्यांत समजावून सांगितलं असतं तर शेजाऱ्यांना मधे बोलायची वेळच आली नसती, हेही खरं.

साखरेचंही तसंच. कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन आणि अॅड्रिनलीन मिळून यकृताला साखर ओतायला लावतात आणि इन्सुलिनचं कोणी ऐकत नाही. म्हणून कधीच मधुमेह नसलेल्या माणसाची साखर दोनशेपार जाते. यावर घरोघरी होतं काय, तर जेवण आणखी कमी करतात. तसं करू नका. साखर चढली म्हणून उपाशी ठेवलेला भाजलेला माणूस आणखी वेगानं वाळतो. जेवण चालू ठेवायचं, साखर औषधानं आवरायची. काही महिने इन्सुलिन लागलं तरी घाबरू नका; इन्सुलिन स्नायू वाचवायलाही मदत करतं. बंद करा ते फक्त ग्लुकोजचं पाणी, शरबत, पॅकेटचे रस. आणि एक बारीक गोष्ट. दवाखान्यात रक्त चढवलं असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सध्या चुकीचं उत्तर देऊ शकते. तिच्या भरवशावर मधुमेहाचा शिक्का मारून घेऊ नका. काही महिन्यांनी पुन्हा बघायचं.

ताप. मोठ्या भाजण्यात मेंदू शरीराचं तापमान एक-दीड अंश सेल्सिअसनं वरच लावून ठेवतो, म्हणून ९९-१०० हा आकडा एकट्यानं फार बोलत नाही. १०२ च्या वर गेला, हुडहुडी भरली, माणूस बरळायला लागला, जखमेतून हिरवट पाणी किंवा वास आला, तर जंतुसंसर्ग. आणखी दोन खुणा घरच्यांच्या लक्षात येत नाहीत. चांगला जेवणारा माणूस एकाएकी जेवेनासा होऊन पोट फुगणं, आणि आटोक्यात आलेली साखर कारण नसताना उसळणं. जंतू रक्तात शिरतात तेव्हा आतडी आणि इन्सुलिन सर्वांत आधी कुरकुरतात. अर्थात आपल्या भागात बारीक ताप, रात्रीचा घाम आणि घटतं वजन दिसलं की छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. टीबीनं भाजलेल्यांना सूट दिलेली नाही.

आणि ती नाकातली नळी. तुम्ही भांडलात, पण तुमचा राग मला समजतो. माणूस वेदनेनं तळमळतोय आणि हे लोक त्याच्या नाकात नळी घालताहेत. तरी त्या रात्री दवाखान्यानं केलेल्या मोलाच्या कामांत मी ती नळी फार वर धरीन.

मोठं भाजलं की शरीर रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं आणि आतड्यांचा पुरवठा कापतं. आतड्याचं आतलं अस्तर ही शरीरातली फार खादाड जागा. तिच्या पेशी तीन ते पाच दिवसांत सगळ्या बदलल्या जातात. रक्त तुटलं की काही तासांतच त्या पेशी मरू लागतात, अस्तरावरची मखमल झडते, आतडं विरळ होतं. मग जे आतड्यात राहायला हवं, म्हणजे जंतू आणि त्यांची विषं, ते भिंतीतून गळू लागतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसतं. माणसातही भाजल्यावर आतडं गळकं होतं हे मोजलेलं आहे. त्या गळतीतून जंतुसंसर्गाला नेमका किती हातभार लागतो, यावर अजून वाद आहे. शिवाय जठर चालायचं थांबतं, पोट फुगतं. आतड्यातल्या जंतूंची वस्तीही बदलते. नेहमीचे गुणी जंतू कमी होतात, उपद्रवी वाढतात. त्यात अँटिबायोटिकची भर.

आतड्याच्या पेशी जगतात त्या बऱ्याच अंशी समोरून जाणाऱ्या अन्नावर. रक्तात सलाईन कितीही सोडलं तरी आतडं उपाशीच. म्हणून आता पद्धत अशी आहे की मोठं भाजलेल्या रुग्णाला चोवीस तासांच्या आत, जमलं तर पहिल्या काही तासांतच, नळीतून थोडं थोडं अन्न सुरू करायचं. त्यानं आतड्याकडे रक्त परततं, अस्तर टिकतं, कर्लिंगचा तो व्रणही कमी होतो. एकेकाळी त्या व्रणानं माणसं रक्त ओकून जात. आज तो क्वचित दिसतो याचं श्रेय आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांइतकंच या नळीला आहे. तुम्हाला दुधासारखं दिसलं ते बहुधा तयार पातळ अन्न असणार. त्यात कॅलरी आणि प्रथिनं मोजून घातलेली असतात. दवाखान्यांचा हिशेबही ऐका, म्हणजे मुगाच्या पाण्याचं माप कळेल. १९७० च्या दशकातलं जुनं कुरेरी सूत्र म्हणतं, वजनाच्या प्रत्येक किलोला २५ कॅलरी आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्याला ४०. तुमच्या ह्यांचं उत्तर येतं ३,०५०. आज हे सूत्र जरा सढळ मानतात, जास्त भरवलं तर यकृतात चरबी साठते. पण सातशे-आठशे कॅलरीच्या मुगाच्या पाण्याला आणि पातळ वरण-भाताला कुठल्याच सूत्रात जागा नाही.

बद्धकोष्ठाचं कारण सोपं आहे. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या जोरदार गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात, लोह घट्ट करतं, माणूस पडून असतो, पाणी कमी जातं आणि जेवणात चोथा नाही. सासूबाई एरंडेल काढतील, सध्या नको. नुसती इसबगोलची भुकटीही कमी पाण्यासोबत दिली तर गोळा होऊन बसते. डॉक्टरांकडून लॅक्टुलोजसारखं पातळ औषध घ्या, पपई द्या, पालेभाजी द्या, आणि दिवसातून चार वेळा अंगणात चालवा.

आता ताट. सासूबाईंशी मी भांडणार नाही. त्यांच्या काळात अर्धी माणसं अशा भाजण्यातून घरी परतच येत नसत, आणि जे आजीनं सांगितलं ते त्या सांगताहेत. त्यांना एवढंच सांगा की पू जंतूंनी होतो, अंड्यानं नाही. अंडं ज्या प्रथिनांचं बनलंय त्यांच्यावाचून नवी कातडी विणली जात नाही. आंबटही बंद करायचं कारण नाही. जखमेचे धागे विणायला क जीवनसत्त्व लागतं, आणि कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले असताना घरातल्या जखमी माणसाला संत्रं नाही, हे नागपुरात तरी शोभत नाही. रस नको, अख्खं संत्रं, फोडी सोलून.

मूत्रपिंड ठीक असतील (रक्तातलं क्रिअॅटिनिन बघून घ्या), तर त्यांना मूळ वजनाच्या मानानं रोज नव्वद ते शंभर ग्रॅम प्रथिनं हवीत. ऐकायला मोठं वाटतं, खिशाला तेवढं नाही. तीन उकडलेली अंडी म्हणजे अठरा-एकोणीस ग्रॅम. दोन ग्लास दूध, तेरा. कोरड्या मापानं पन्नास ग्रॅम सोयावडी, पंचवीस. दोन वाट्या दाट वरण, पंधरा. वरण दाट म्हणजे पळीतून पडताना थांबून पडेल असं. ताटात पसरून कडेला पाणी सुटतं ते नव्हे. मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), सात. वाटीभर दही, पाच. चार पोळ्या, बारा. बेरीज करा, पंच्याण्णवच्या पुढे जाते. चिकन परवडेल त्या दिवशी सोयावडीला सुट्टी. सावजी रस्सा मात्र पोटाची तपासणी होईपर्यंत विसरा. आयुष्यभर तर्री ओतलेल्या आचाऱ्याला तुमची फिकी भाजी गोड लागणार नाही, त्याची तयारी ठेवा. वरून सांबार (कोथिंबीर) भुरभुरा, लिंबू पिळा, थोडं जिरं द्या. तिखटाशिवायही चव येते.

एका बैठकीत एवढं जाणार नाही. जठर अजून मंद आहे, लवकर भरल्यासारखं होतं. सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. सकाळी पोह्यांत फल्लीदाणे जरा सढळ आणि सोबत अंडं, दहा-अकराला दूध, दुपारी जेवण, चारला दही नाही तर उकडलेला हरभरा, रात्री जेवण, निजताना पुन्हा दूध. ही शेवटची वेळ चुकवू नका, कारण रात्रभराच्या उपासात स्नायूंवरच धाड पडते. दुधानं पोट फुगलं तर काही दिवस त्याच्या जागी दही-ताक द्या. भाजल्यानंतर कित्येकांना दूध तात्पुरतं पचेनासं होतं.

जखमेच्या पाण्यातून जस्त, तांबं, सेलेनियम वाहून जातं, आणि भाजलेली कातडी उन्हात ड जीवनसत्त्व नीट बनवत नाही. हाडंही ठिसूळ होतात. म्हणून या गोळ्या डॉक्टर लिहून देतील त्या घ्या, आपल्या मनानं जस्ताचा मारा नको. ग्लुटामिनच्या डब्याबद्दल मात्र सरळ सांगते, आणू नका. ग्लुटामिन हा प्रथिनांचा एक घटक, आतड्याच्या पेशी तो खातात हे खरं, म्हणून कित्येक वर्षं सगळ्यांनाच त्यातून मोठी आशा होती. मग बऱ्याच देशांतल्या बर्न युनिटांनी मिळून सुमारे बाराशे गंभीर भाजलेल्या रुग्णांवर ते तपासलं. २०२२ मध्ये निकाल आला, आणि ग्लुटामिन दिल्यानं रुग्ण काही लवकर बरे होऊन घरी गेले नाहीत. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

खायला घातलं आणि माणूस गादीवरच राहिला, तर त्याची चरबी होते, स्नायू होत नाहीत. फिजिओथेरपी लावा; मेडिकलमध्ये तो विभाग आहे. घरी रोज दोनदा खुर्चीतून उठणं-बसणं, जमेल तितकं, हळूहळू वाढवत. हातांना लावलेल्या कातडीचे व्यायाम आणि घट्ट कपडे यांबद्दल फिजिओथेरपिस्ट सांगतील तसं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. सुरुवातीला ते वाढलं नाही तरी चालेल. घटायचं थांबलं की आपण बरोबर चाललोय. मात्र दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो चढलं आणि पाय सुजले तर ते पाणी आहे, दाखवा.

"अंगात उष्णता शिरली" म्हणून जानेवारीत पंखा लावताय, तो बंद करा. नागपूरची थंडी तुम्हाला मी सांगायला नको. कातडी नीट नसलेल्या अंगातून उष्णता भराभर निघून जाते आणि ती भरून काढायला शरीर आणखी स्नायू जाळतं. बर्न युनिटात याच कारणानं खोली तीस अंशांच्या आसपास गरम ठेवतात. सध्या खिडक्या लावून, गरम खोली, सुती मऊ कपडे, वरून शाल. शेगडी मात्र खोलीत ठेवू नका. धूर आणि विस्तव दोन्ही नकोत. घाम आला की बनियन लगेच बदला.

एप्रिल-मेच्या ऑर्डरींचं उत्तर याच्या नेमकं उलट आहे. लावलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात, आणि खोल भाजून भरलेल्या जागीही त्या नीट परत येत नाहीत. म्हणजे त्यांचं अंग उन्हाळ्यात पूर्वीसारखं थंड होणार नाही. नागपूरचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना भट्टीपुढे उभा राहिलेला असा माणूस काही वेळात उष्माघातानं आडवा होऊ शकतो. त्यातून प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर तो धोका आणखी वाढतो. ऑर्डरी सोडून द्या असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. सामानाची यादी, माणसं लावणं, चव बघणं, हिशेब, एवढं ते खुर्चीत बसून करू शकतील, तेही सायंकाळच्या कार्यांना, कुलरसमोर, ओलं उपरणं खांद्यावर घेऊन. भट्टी आणि कढई या उन्हाळ्यात दुसऱ्या कुणाकडे सोपवा. जुना हाताखालचा पोरगा असेलच. त्याला मार्चपासूनच तयार करायला घ्या, म्हणजे मेमध्ये ऐनवेळी ह्यांना उठावं लागणार नाही.